एम.टेक.साठी कॉलेज नको, विभाग सांगा: करिअर मार्गदर्शकांना तंजावरहून खुलं पत्र

मराठी वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांतून, व्याख्यानांतून आणि क्लासच्या व्यासपीठांवरून अभियांत्रिकीच्या मुलामुलींना वाट दाखवणाऱ्या सर्व मान्यवरांस,



दरवर्षी मे-जून आला की तुमच्या लेखणीला उसंत नसते. कोणती शाखा, कोणती फेरी, मागच्या वर्षीचा कट-ऑफ किती, कागदपत्रं कोणती, हे सगळं तुम्ही चिकाटीने समजावून सांगता आणि त्याचा आधार गावोगावच्या घरांना होतो. त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती त्यापुढच्या पायरीची. बी.ई. किंवा बी.टेक. झालेला मुलगा ‘एम.टेक. कुठे करू?’ असं विचारतो तेव्हा तुमच्याकडून त्याला एक उतरंड मिळते: आधी आयआयटी, मग एनआयटी, मग पुण्या-मुंबईतली ठरलेली चार नावं, आणि घरी ऐपत असेल तर अमेरिका. बारावीनंतरच्या प्रवेशाचा साचा तसाच उचलून पदव्युत्तर प्रवेशावर ठेवला जातो. हे पत्र तंजावरहून लिहितो आहे. व्यंकोजीराजांच्या पाठोपाठ साडेतीनशे वर्षांपूर्वी मराठी इथे आली आणि काही घरांत अजून बोलली जाते. मराठी पुरवण्यांत आमचं गाव येतं ते बृहदीश्वराच्या शिखरासाठी, सरस्वती महालातल्या हस्तलिखितांसाठी, नाहीतर सांबाराच्या दंतकथेसाठी. प्रवेशाच्या पानावर ते कधी दिसत नाही. गावाची वकिली करावी म्हणून हे लिहीत नाही. तुमच्या सल्ल्यात नेमकं काय सुटतं, ते दाखवायला हे गाव सोयीचं आहे, एवढंच.

माझा मुद्दा एकच आहे. पदवीला विद्यार्थी कॉलेज निवडतो, ते बरोबरच आहे. चार वर्षांतला बराचसा अभ्यासक्रम देशभर सारखाच असतो. गणित, यामिकी, ऊष्मागतिकी, विद्युतमंडलं हे विषय कुठेही तेच. फरक पडतो तो शिकवण्याच्या शिस्तीने, सोबतच्या मुलांनी, ग्रंथालयाने आणि वसतिगृहातल्या वातावरणाने, आणि या गोष्टी संपूर्ण संस्थेच्या असतात. एम.टेक.चं गणित वेगळं आहे. दोन वर्षांपैकी जेमतेम एक वर्ष वर्गात जातं, उरलेला बहुतेक काळ एका प्रकल्पावर, एका मार्गदर्शकाच्या हाताखाली, एका प्रयोगशाळेत जातो. बाहेर पडताना विद्यार्थ्याकडे असतं ते एवढंच: कोणत्या प्रश्नावर काम केलं, कोणाकडे केलं, आणि कोणती यंत्रं व कोणती सॉफ्टवेअर हाताळली. या तिन्ही गोष्टी विभागाच्या असतात, संस्थेच्या नव्हे. एकाच आवारात स्थापत्य विभागात जोमाने संशोधन चाललेलं असतं आणि शेजारच्या इमारतीत दुसऱ्या विभागाची प्रयोगशाळा वर्षभर कुलपात असते. तरीही दोन्हीकडच्या पदवीवर शिक्का एकच उमटतो. म्हणून एम.टेक.ची निवड ही विभागाची निवड आहे. संस्थेच्या पातळीवर दिलेला सल्ला, कितीही सद्भावनेने दिलेला असला, तरी तो दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर असतो.

पहिली तक्रार क्रमवारीबद्दल. २०१६ पासून केंद्र सरकारची एनआयआरएफ क्रमवारी दरवर्षी प्रसिद्ध होते आणि ती तुमच्या लेखांची पाठराखीण झाली आहे. तिच्या गुणांची वाटणी बघा: अध्यापन आणि साधनसामग्रीला ३० टक्के, संशोधनाला ३०, विद्यार्थ्यांच्या निष्पत्तीला २०, समावेशकतेला १० आणि लोकांच्या मनातल्या प्रतिमेला १०. यातलं प्रत्येक माप संस्थेचं आहे. अभियांत्रिकीच्या एकाच यादीत स्थापत्य, संगणक, वस्त्र, अन्नप्रक्रिया, धातुशास्त्र हे सगळं एका आकड्यात मिसळतं. शेकडो प्राध्यापकांच्या शोधनिबंधांची बेरीज संस्थेला वर नेते, पण ज्या विभागामुळे ती वर जाते त्याच विभागात तुमचा वाचक प्रवेश घेईल असं थोडंच आहे! परदेशाचा विषय निघाला की तुम्ही क्यूएसची यादी काढता. तिथेही २०२४ च्या आवृत्तीपासून विद्वानांमधल्या लौकिकाला ३० टक्के आणि मालकवर्गातल्या लौकिकाला १५ टक्के वजन आहे, म्हणजे जवळजवळ निम्मे गुण ऐकीव नावलौकिकाचे. मूल्यांकनाच्या बाबतीतही असंच होतं. नॅकची श्रेणी संपूर्ण संस्थेला मिळते. एनबीए मात्र एकेक अभ्यासक्रम तपासून मान्यता देतं. एम.टेक. करणाऱ्याला उपयोगी दुसरी, तरी लेखात ठळक छापली जाते ती पहिली. भर म्हणून कुठे कुठे ‘वॉशिंग्टन करारामुळे पदवीला जगभर मान्यता’ असं वाक्य येतं. भारत २०१४ मध्ये त्या कराराचा पूर्ण सदस्य झाला हे खरं, पण तो करार पदवीपूर्व अभियांत्रिकी अभ्यासक्रमांपुरता आहे. एम.टेक.च्या जाहिरातीत त्याचं नाव घेण्यात अर्थ नाही, आणि ही गोष्ट वाचकाला सांगणं तुमचं काम होतं.

आता तुमचा साचा आमच्याकडे लावून बघा. तंजावरहून तिरुचिरापल्लीकडे जाणारा रस्ता धरला की तासाभरात चार अभियांत्रिकी संस्था लागतात. वल्लमला पेरियार मणियम्मै संस्था आहे. १९८८ मध्ये ती फक्त मुलींसाठीचं अभियांत्रिकी महाविद्यालय म्हणून सुरू झाली, आज ती अभिमत विद्यापीठ आहे. पुढे तिरुमलैसमुद्रमला ‘शास्त्र’ विद्यापीठ. १९८४ मध्ये खाजगी महाविद्यालय म्हणून निघालेल्या या संस्थेला २००१ मध्ये अभिमत दर्जा मिळाला. सेंगिपट्टीला सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालय आहे आणि तुवाकुडीला एनआयटी, जिची सुरुवात १९६४ मध्ये विभागीय अभियांत्रिकी महाविद्यालय म्हणून झाली. तुमच्या उतरंडीत या चारींचा निकाल अर्ध्या मिनिटात लागतो: एनआयटी पहिली, बाकीच्या ‘मिळालं तर ठीक’. पण या चार संस्थांचे मालक वेगळे, फी वेगळी, उद्देश वेगळे, प्रवेशाच्या वाटाही वेगळ्या. एनआयटीला गेट या परीक्षेच्या गुणांवर सीसीएमटीच्या केंद्रीय प्रवेशफेऱ्यांतून जावं लागतं. राज्याच्या महाविद्यालयांसाठी २०२३ पासून अण्णा विद्यापीठाची सीईईटीए-पीजी ही परीक्षा आहे. अभिमत विद्यापीठांचे प्रवेश त्यांच्या त्यांच्या पद्धतीने होतात. एखाद्या विषयात यांपैकी कोणता विभाग सरस आहे, हे संस्थांच्या क्रमांकावरून कळायला मार्गच नाही. त्यासाठी विभागाचं दार ठोठावावं लागतं, आणि नेमकी तीच तसदी तुमचा सल्ला वाचवतो.

पाचवी संस्था या रस्त्यावर नाही, ती पुदुक्कोट्टईच्या रस्त्याला आहे, आणि माझ्या म्हणण्याचा सर्वांत भक्कम पुरावा तीच आहे. कावेरीच्या खोऱ्यातलं कुरुवई हंगामाचं भात कापणीला येतं ते ईशान्य मोसमी पावसाच्या तोंडावर. ओलं भात साठवलं तर कुजतं, रंग धरतं. ते घाईने वाळवलं तर दाण्याला बारीक तडे जातात आणि गिरणीत तांदळाऐवजी कणीच जास्त निघते. सरकारी खरेदीला ओलाव्याची मर्यादा १७ टक्क्यांची, आणि पाऊस लांबला की ती शिथिल करा म्हणून इथले शेतकरी वारंवार मागणी करतात. या अडचणीवर उत्तर शोधायला १९६७ मध्ये तिरुवारूरच्या आधुनिक भातगिरणीच्या आवारात एक लहानशी प्रयोगशाळा निघाली. पुढे तिचं भातप्रक्रिया संशोधन केंद्र झालं, ते तंजावरला आलं, भाताबरोबर इतर धान्यांकडे आणि फळांकडे वळलं. २०२१ मध्ये संसदेच्या कायद्याने ते निफ्टेम तंजावर या नावाने राष्ट्रीय महत्त्वाची संस्था झालं, हरियाणातल्या कुंडलीच्या निफ्टेमबरोबरच. तिथे अन्नप्रक्रियेत बी.टेक.पासून पीएच.डी.पर्यंत शिक्षण मिळतं. म्हणजे इथे अभ्यासक्रम आधी काढून मग त्याला विषय शोधलेला नाही. शेतातला प्रश्न आधी होता, त्यातून प्रयोगशाळा उभी राहिली आणि प्रयोगशाळेतून पदवी आली.

आता महाराष्ट्राकडे वळा. गोंदिया आणि भंडारा हे धानाचे जिल्हे. गोंदियाची ओळखच राईस मिलची. कोकणात आणि गोव्यात उकडा तांदूळ रोजच्या ताटात. धान भिजवायचं, वाफवायचं, वाळवायचं आणि मग भरडायचं, या चार पायऱ्यांत पाणी किती लागतं, इंधन किती जळतं, कणी किती पडते, कोंड्यातलं तेल किती हाती लागतं आणि तुसाचं पुढे काय करायचं, हे सगळे अभियांत्रिकीचे खणखणीत प्रश्न आहेत. गोंदियाचा एखादा यांत्रिकी पदवीधर, ज्याच्या डोळ्यांसमोर हा धंदा रोज चालतो, तुमच्या व्याख्यानाला येतो. त्याला तुम्ही काय सांगता? ‘यांत्रिकीतलं एम.टेक. हवं तर अमुक कट-ऑफला तमुक कॉलेज.’ तंजावरचं नाव तुमच्या यादीत नसतं. ते जाऊ द्या. खरगपूरच्या आयआयटीतला कृषी आणि अन्न अभियांत्रिकी विभाग, मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेतलं अन्न अभियांत्रिकीचं काम, परभणीचं अन्नतंत्र महाविद्यालय, दापोलीचं कृषी अभियांत्रिकी, यांचाही उल्लेख होत नाही, कारण ही नावं ‘यांत्रिकीची टॉप दहा’ या यादीत मावत नाहीत. गेटमध्ये कृषी अभियांत्रिकीचा स्वतंत्र पेपर आहे आणि अभियांत्रिकी विज्ञानाच्या पेपरात अन्नतंत्रज्ञानाचा विभाग निवडता येतो, हे तरी किती पुरवण्यांत छापून येतं? तंजावरला जायचं की परभणीला, हे त्याने त्याचं ठरवावं. पण ठरवण्यासाठी त्याच्यासमोर प्रश्न कोणता आणि प्रयोगशाळा कुठली हे यायला हवं. सध्या येतात फक्त नावं.

दुसरी तक्रार पॅकेजबद्दल. ‘यंदा इतक्या लाखांचं सर्वोच्च पॅकेज’ हा मथळा बहुतेक वेळा एका विद्यार्थ्याचा असतो, बहुतेक वेळा बी.टेक.चा असतो आणि बहुतेक वेळा संगणक शाखेचा असतो. स्थापत्यात एम.टेक. करू पाहणाऱ्या मुलीला त्याचा काय उपयोग? खरी माहिती लपलेली नाही. एनआयआरएफमध्ये भाग घेणाऱ्या प्रत्येक संस्थेला आपण भरलेली माहिती स्वतःच्या संकेतस्थळावर ठेवावी लागते. त्यात दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाची वेगळी ओळ असते: जागा किती, प्रवेश किती, ठरलेल्या मुदतीत उत्तीर्ण किती, नोकरी लागलेले किती, पुढे शिकायला गेलेले किती आणि पगाराचा मध्यांक किती. सर्वोच्च आकड्याऐवजी हा मध्यांक छापला, तर अर्धी धूळ खाली बसेल. त्या ओळीतही सगळ्या शाखा एकत्रच असतात, हे मान्य. म्हणूनच तो तक्ता शाखावार मिळावा अशी मागणी कुणीतरी करायला हवी. संस्थेकडे बेरीज आहे म्हणजे बेरजेतले आकडेही आहेतच. ही मागणी एकट्या विद्यार्थ्याने केली तर कचऱ्यात जाते. तुम्ही केली तर तिला उत्तर द्यावं लागेल.

तिसरी तक्रार अशी की एम.टेक. कशासाठी, हा प्रश्न तुम्ही विचारतच नाही. माझ्या मते एम.टेक.कडे वळणारे विद्यार्थी तीन प्रकारचे असतात. एकाला शिकवायचं असतं. अभियांत्रिकीत सहायक प्राध्यापक व्हायला पदव्युत्तर पदवी लागते, म्हणून तो ती घेतो. दुसऱ्याला खरं तर सार्वजनिक उपक्रमातली नोकरी हवी असते आणि तोवर तो एम.टेक.ला बसलेला असतो. तिसऱ्याला एखाद्या विषयात खोल शिरायचं असतं, संशोधनासाठी किंवा उद्योगासाठी. तिघांना सल्ला एकच कसा चालेल? यांतल्या दुसऱ्याला तर आधी हे सांगायला हवं की सार्वजनिक उपक्रम गेटच्या गुणांवर जी भरती करतात ती पदवीच्या पात्रतेवर असते, त्यासाठी एम.टेक. लागत नाही. हे न सांगितल्याचा भुर्दंड इतरांनाही पडतो. नोकरी लागताच मधेच निघून जाणाऱ्यांचं कारण पुढे करून २०१९ मध्ये आयआयटी परिषदेने एम.टेक.ची फी मोठ्या प्रमाणात वाढवण्याचा निर्णय घेतला होता आणि त्याविरुद्ध विद्यार्थी रस्त्यावर आले होते. चुकीच्या हेतूने भरलेल्या जागेची किंमत योग्य हेतूने आलेल्याने मोजायची, हा त्याचा अर्थ.

पैशाचं बोलतोच आहोत तर विद्यावेतनाचंही बोलू. गेट उत्तीर्ण होऊन पूर्णवेळ एम.टेक.ला आलेल्या विद्यार्थ्याला दरमहा १२,४०० रुपये मिळतात, दोन वर्षांचे २,९७,६०० रुपये, आणि त्या बदल्यात आठवड्याला आठ-दहा तास विभागाच्या अध्यापनात किंवा संशोधनात मदत करायची असते. निम्न मध्यमवर्गीय घरासाठी ही रक्कम निर्णय फिरवणारी आहे. पण ती प्रत्येक ठिकाणी आणि प्रत्येकाला आपोआप मिळत नाही. गेटविना घेतलेल्या प्रवेशाला ती नसते, मान्यताप्राप्त जागेची अट असते, आणि काही विद्यापीठं त्याऐवजी स्वतःची वेगळी रक्कम देतात किंवा देत नाहीत. फीच्या रकान्याशेजारी विद्यावेतनाचा रकाना का नसतो? महाग वाटणारं एखादं ठिकाण त्यामुळे स्वस्त निघतं आणि स्वस्त वाटणारं महाग. परदेशाच्या बाबतीतही हाच हिशेब अपुरा राहतो. अमेरिकेत एम.एस.नंतर एका वर्षाच्या कामाच्या परवान्याला आणखी २४ महिन्यांची वाढ मिळते ती अभ्यासक्रम ठरावीक विज्ञान-तंत्रज्ञान वर्गात मोडत असेल तरच. ती विद्यापीठाच्या नावावर मिळत नाही. जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी शुल्क नसतं, पण बाडेन-वुर्टेंबर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७ पासून सत्राला १५०० युरो द्यावे लागतात. तिकडेही पारडं फिरतं ते अभ्यासक्रम आणि जागा बघून, झगमगत्या नावावरून नाही.

यावर तुमचे आक्षेप काय असतील याची कल्पना आहे, आणि ते पोकळ नाहीत. पहिला आक्षेप: नावाला बाजारात किंमत असते. असतेच. पहिल्या नोकरीच्या चाळणीत मोठ्या संस्थेचं नाव अर्ज पुढे ढकलतं, आणि दोन विभाग सारख्याच तोडीचे असतील तर मोठं नाव घ्यावं यात वाद नाही. पण मुलाखतीच्या खोलीत पहिला प्रश्न प्रबंधाचा येतो. मोठ्या संस्थेत नकोशा विषयावर, जेमतेम भेटणाऱ्या मार्गदर्शकाकडे उरकलेला प्रकल्प तिथे दहा मिनिटंही टिकत नाही. शिवाय नावाची किंमत सगळ्या क्षेत्रांत सारखी नसते. सॉफ्टवेअरमध्ये ती मोठी. भातगिरणीची यंत्रं बनवणारा कारखानदार मात्र उमेदवाराला ड्रायरबद्दल काय कळतं हे आधी विचारेल. दुसरा आक्षेप: बाविसाव्या वर्षी आपला प्रश्न कोणता हे कुणाला ठाऊक असतं? बऱ्याच जणांना नसतं, हे खरं. मग त्याला घाईने कुठेतरी बसवण्यापेक्षा वर्षभर काम करू द्या. गेटचे गुण तीन वर्षं ग्राह्य असतात, त्यामुळे थांबण्याने दार बंद होत नाही. प्रश्न न सापडलेल्या मुलाला प्रश्न शोधायला मदत करणं, यालाच मार्गदर्शन म्हणायचं. यादी तर त्याला मोबाइलवरही मिळते.

तिसरा आक्षेप अंतराचा आणि भाषेचा. विदर्भातून किंवा कोकणातून तंजावर लांब आहे, जेवण वेगळं आहे, आणि रस्त्यावर तमिळखेरीज फारसं काही चालत नाही. आईवडिलांच्या मनात धाकधूक होणारच, आणि मुलीच्या बाबतीत अधिकच. पण तेच घर मुलाला नोकरीसाठी बंगळूरला किंवा हैदराबादला आणि शिक्षणासाठी टेक्सासला पाठवतं. अंतराची भीती नावाच्या वजनापुढे विरघळते, याचा अर्थ अडसर अंतराचा नसून अनोळखीपणाचा आहे. एम.टेक.चं शिक्षण आणि प्रबंध इंग्रजीतच असतो. वसतिगृह, सुरक्षितता आणि जेवण यांची खात्रीशीर माहिती मिळाली तर अनोळखीपणा कमी होतो, आणि ती मिळवून देणं तुमच्या हातात आहे. चौथा आक्षेप सर्वांत व्यवहारी: विभागाची माहिती मिळवायची कुठून, आणि मिळाली तरी मार्गदर्शक निवृत्त झाला किंवा निघून गेला तर? माहिती मिळते. तंत्रशिक्षण परिषदेच्या मान्यतेखालच्या संस्थांना अनिवार्य माहिती संकेतस्थळावर ठेवावी लागते. शोधगंगेवर विद्यापीठांचे पीएच.डी. प्रबंध विभागवार आणि मार्गदर्शकाच्या नावासह वाचता येतात, त्यामुळे गेल्या दहा वर्षांत तिथे खरोखर कशावर काम झालं हे तासाभरात कळतं. आयआयटी आणि इतर संस्थांतल्या कितीतरी प्राध्यापकांची व्याख्यानं एनपीटीईएलवर फुकट ऐकता येतात. जो माणूस शिकवणार तो कसा शिकवतो हे प्रवेशाआधी कळण्याची सोय मागच्या पिढीला नव्हती. मार्गदर्शक सोडून जाण्याचा धोका खरा आहे. म्हणूनच एका प्रसिद्ध माणसाच्या भरवशावर न जाता, आपल्या विषयात निदान तिघे-चौघे काम करत असलेला विभाग निवडावा. हा नियमही विभाग बघितल्याशिवाय पाळता येत नाही.

तेव्हा तुमच्याकडे काही विनंत्या आहेत. पहिली: पदव्युत्तर प्रवेशावर लिहिताना क्रमवारीची नुसती यादी देऊ नका. प्रत्येक नावाखाली त्या विषयाचे प्राध्यापक किती, अलीकडचे प्रबंध कशावर, मुख्य उपकरणं कोणती, विद्यावेतन कुणाला मिळतं आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या पगाराचा मध्यांक किती, एवढ्या पाच ओळी द्या. त्यासाठी यादी वीसवरून पाचवर आणावी लागली तरी चालेल. दुसरी: सर्वोच्च पॅकेजचा आकडा छापणं थांबवा, निदान तो कोणत्या पदवीचा आणि कोणत्या शाखेचा आहे हे त्याच वाक्यात सांगा. तिसरी: प्रत्येक पुरवणीत महाराष्ट्राबाहेरच्या किंवा मोठ्या शहरांबाहेरच्या एका तरी विभागाची ओळख करून द्या. चौथी: एम.टेक. कुणी करू नये हेही लिहा, आणि नोकरीची वाट बघत वर्षं काढणाऱ्याला ते तोंडावर सांगा. पाचवी विनंती कदाचित रुचणार नाही. तुमच्यापैकी जे परदेशी विद्यापीठांचे प्रवेश मिळवून देण्याचा व्यवसाय करतात आणि सदरंही लिहितात, त्यांनी कोणत्या विद्यापीठांकडून दलाली मिळते हे सदराच्या शेवटी छापावं. वैद्याने औषध कंपनीशी असलेलं नातं लपवू नये असं आपण म्हणतो, तोच नियम इथेही लागू होतो. सहावी: सगळ्यांनी मिळून संस्थांकडे आणि एनआयआरएफकडे अभ्यासक्रमवार आकड्यांची मागणी करा. तुमचा वाचकवर्ग मोठा आहे, तुमचं म्हणणं दुर्लक्षित राहणार नाही.

यांतल्या कोणत्याही गोष्टीला सरकारी परवानगी लागत नाही आणि फारसा पैसाही लागत नाही. लागतात ते वेळ आणि फोन करायची तयारी. पुढच्या जूनमध्ये, बाकी काही जमलं नाही तरी, तुमच्या पुरवणीचं एक पान एका विभागाला द्या. तिथल्या प्राध्यापकांशी बोला, दुसऱ्या वर्षाच्या दोन विद्यार्थ्यांना विचारा, त्यांच्या प्रयोगशाळेत काय चालतं आणि काय बंद पडलं आहे ते लिहा. विभागाला ते खटकलं तर त्याचा खुलासाही पुढच्या आठवड्यात छापा. असं एक पान वाचलेल्या विद्यार्थ्याला विभाग कसा पारखायचा हे कळेल, आणि ज्या संस्था कुठल्याच यादीत नाहीत त्याही मग त्याला स्वतःला तपासता येतील.



आपला,
तंजावरचा एक मराठी वाचक